गोधडीचे थर एकत्र धरायचे कसे? कच्च्या टाक्याची पद्धत निवडताना

गोधडी वरून छान दिसते, पण उलटून पाहिली की अस्तराला चुण्या. मधोमध फुगा येतो आणि काही केल्या बसत नाही. शिवत शिवत कडेला पोहोचावे, तर एक थर चार बोटे पुढे सरकलेला. गोधडी, दुपटे किंवा नव्या पद्धतीचे क्विल्ट शिवायला घेतलेल्या वाचकांच्या या तक्रारी सतत येतात. टाका चुकला, मशीन बिघडले, हात अजून बसला नाही, अशी कारणे त्या स्वतःच शोधून काढतात. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते. पक्का टाका घालण्यापूर्वी वरचा दर्शनी थर, मधले भरण आणि खालचे अस्तर एकमेकांना तात्पुरते धरून ठेवावे लागतात. तिथे घाई झाली, की पुढचा कितीही सुबक टाका ती झाकू शकत नाही.

थर धरून ठेवण्याच्या आज पाच-सहा पद्धती आहेत, आणि गोंधळ त्यामुळेच होतो. इंटरनेटवर दिसणारे बरेचसे सल्ले पातळ सुती भरणाच्या, घरच्या मशीनवर आठवडाभरात शिवून होणाऱ्या क्विल्टसाठी असतात. जुन्या साड्यांचे चार-पाच थर घालून महिनोन्‌महिने सवडीने हाताने शिवली जाणारी आपली गोधडी हे वेगळे काम आहे. तिथे जे उत्तम ते इथे उत्तम ठरेलच असे नाही. म्हणून कोणती पद्धत चांगली हे विचारण्याआधी तुमच्या गोधडीकडे नीट पाहा.

आधी या प्रश्नांची उत्तरे काढा

१. पक्का टाका हाताने घालणार की मशीनवर? मशीनचे खालचे दाते अस्तर मागे ओढतात आणि वरचा दाबपाय दर्शनी थर पुढे ढकलतो. त्यामुळे मशीनवर थर सरकण्याचा धोका जास्त असतो आणि पकड घट्ट लागते. हाताने शिवताना ओढ कमी असते, पण गोधडी शेकडो वेळा उचलली, गुंडाळली, मांडीवर घेतली जाते.

२. भरण कशाचे आहे? जुन्या सुती साड्या, कापसाचे तयार भरण, फुगीर पॉलिस्टर किंवा जुनी चादर यांपैकी प्रत्येकाची सरकण्याची रीत वेगळी असते.

३. शिवून व्हायला किती दिवस लागतील? खरे उत्तर द्या. आठ दिवसांत संपवायचे ठरवलेले काम नोकरी, घर, सणवार सांभाळत पावसाळ्यापलीकडे जाणार असेल, तर तसे धरूनच पद्धत निवडा.

४. घरात कोण आहे आणि गोधडी कोण वापरणार? रांगते मूल, दम्याचा रुग्ण, गुडघेदुखी या गोष्टी पद्धत ठरवताना कापडाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

साड्यांची गोधडी हाताने शिवणार असाल, तर दोऱ्याचा कच्चा टाका घाला. पातळ भरणाचे क्विल्ट मशीनवर, महिन्याभरात होणार असेल, तर सेफ्टी पिना. छोटा नमुना, भिंतीवर लावायचे काम किंवा पिशवीचे कापड असेल आणि खोली हवेशीर असेल, तर चिकटवणारा स्प्रे. बाकीच्या पद्धती विशिष्ट गरजेपुरत्या. माझे स्वतःचे झुकते माप दोऱ्याला आहे. खर्च जवळजवळ शून्य, कापडाला इजा नाही आणि काम वर्षभर पडून राहिले तरी बिघडत नाही, असे तिन्ही गुण एकत्र दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत मिळत नाहीत.

पद्धत कोणतीही असो, मांडणी नीट हवी

नवे सुती कापड वापरत असाल, तर ते आधी धुवा, वाळवा आणि इस्त्री करा. पहिल्या धुण्यात सुती कापड ३ ते ५ टक्के आटू शकते. २२५ सेंटिमीटर लांबीवर ५ टक्के म्हणजे ११ सेंटिमीटरहून जास्त. जुन्या साड्या वर्षानुवर्षे धुतल्या गेल्यामुळे आणखी आटत नाहीत. वर न धुतलेले नवे कापड आणि आत जुन्या साड्या, अशी जोडी जमवली की पहिल्या धुण्यातच वरचा थर आखडतो आणि आतले भरण फुगते. मग दोष टाक्याला दिला जातो.

मापे घेताना भरण आणि अस्तर दर्शनी थरापेक्षा चारही बाजूंनी ८ ते १० सेंटिमीटर मोठे ठेवा. शिवताना कापड थोडे आत खेचले जातेच. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे शेजारी शेजारी जोडले, की साधारण पावणेतीन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद असा एक पूर्ण थर मिळतो. १५० × २२५ सेंटिमीटरच्या गोधडीला तो पुरून उरतो. असे दोन-तीन थर असतील, तर त्यांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका. एक मधोमध, दुसरा हातभर डावीकडे, तिसरा उजवीकडे असे ठेवा, नाहीतर सुईला तिथे भिंत लागते. साड्यांचा उभा धागा सगळ्या थरांत एकाच दिशेने हवा. आडवा धागा उभ्यापेक्षा जास्त ताणला जातो, त्यामुळे एक साडी उभी आणि एक आडवी घातली तर धुतल्यावर त्या वेगवेगळ्या वागतात.

आता जमीन. गादी, सतरंजी किंवा गालिच्यावर मांडणी करू नका, सुई त्यातही शिरते. गुळगुळीत फरशी उत्तम. फरशीच्या सांध्यांच्या रेषा तुम्हाला आयतीच आखणी देतात, त्यांना समांतर अस्तराची कड लावा.

- अस्तर उलटी बाजू वर करून पसरा. आधी चारही बाजूंचे मध्यबिंदू चिकटपट्टीने फरशीला लावा, मग कोपरे, मग मधली जागा.
- अस्तर ताठ असावे, ताणलेले नसावे. ताणून चिकटवलेले अस्तर पट्टी काढताच मूळ मापावर येते आणि त्याच क्षणी चुण्या तयार होतात. चिकटपट्टीजवळ कापडात ओढल्याच्या रेषा दिसत असतील, तर सैल करा.
- घडी घालून आलेले तयार भरण आदल्या रात्री उलगडून पसरून ठेवा, घड्या बऱ्याच बसतात.
- प्रत्येक थर मधून कडेकडे तळव्याने सपाट करा. कडेकडून मध्ये हात फिरवला की सुरकुत्या मधोमध गोळा होतात.
- दर्शनी थर ठेवण्यापूर्वी भरणावरचे दोरे, केस, कापसाचे गोळे वेचून घ्या. पांढऱ्या किंवा फिक्या कापडाखाली गडद दोरा कायमचा दिसत राहतो.

दोघी असाल तर समोरासमोर उभ्या राहून थर धरा आणि हलकेच खाली सोडा. एकट्या असाल तर थर गुंडाळी करून आणा आणि एका कडेपासून उलगडत जा.

दोऱ्याचा कच्चा टाका

शिवणाच्या वर्गात शिकवला जाणारा हाच साधा टाका इथे मोठ्या मापात घालायचा असतो. दोरा साधा, पांढरा, सुती घ्या. लाल, निळा किंवा काळा दोरा उठून दिसतो खरा, पण ओलसर हवेत किंवा चुकून इस्त्री फिरली तर त्याचा रंग ठिपक्याठिपक्यांनी कापडावर उतरू शकतो. दोरा फार मजबूतही नको. शेवटी तो ओढून काढायचा आहे, आणि अडकलाच तर कापडाआधी दोरा तुटायला हवा. सुई सात-आठ सेंटिमीटर लांब घ्या. पोत्याचा दाभण घेऊ नका, त्याची भोके जुन्या साडीत बुजत नाहीत.

बहुतेक जणी गाठ मारून एका कडेपासून सुरुवात करतात. त्याऐवजी असे करा. दोन्ही हात पसरतील एवढा लांब दोरा घ्या. गोधडीच्या बरोबर मध्यावर पहिला टाका घाला आणि दोरा निम्माच ओढून घ्या. निम्मा तिथेच मोकळा राहू द्या. आता मध्यापासून एका कडेपर्यंत टाके घालत जा. तिथे पोहोचलात की मध्यावर येऊन राहिलेला निम्मा दोरा सुईत ओवा आणि उलट्या दिशेने दुसऱ्या कडेपर्यंत जा. मध्ये गाठ येत नाही, आणि कापड दोन्ही बाजूंना मोकळेपणाने सरकत कडेला जाते. दोरा कमी पडला तर मागचे शेपूट थोडे मोकळे ठेवून नवा दोरा तिथूनच सुरू करा.

टाका वरून ४-५ सेंटिमीटर लांब दिसावा आणि खालून जेमतेम एखादा सेंटिमीटर. पहिली उभी आणि पहिली आडवी ओळ मध्यावर एकमेकींना छेदेल अशी घाला. नंतर समांतर ओळी घालत कडेकडे जा. मशीनवर शिवणार असाल तर अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. हाताने शिवणार असाल तर १५ पर्यंत चालते. दहाच्या अंतराने उभ्या-आडव्या ओळी घातल्या, तर १५० × २२५ सेंटिमीटरच्या गोधडीला टाक्यांत जाणारा आणि टोकांना राहणारा मिळून ८० मीटरच्या आसपास दोरा लागतो. दोघी मिळून बसल्यात तर एका दुपारी हे काम होते.

थर सरकते असतील, म्हणजे रेशीम, क्रेप किंवा पॉलिस्टर साडी आत असेल, तर सरळ टाक्याऐवजी तिरपा टाका घाला. सुई आडवी घालायची, पुढच्या वेळी दोन-तीन बोटे खाली पुन्हा आडवी. वर तिरप्या रेषांची रांग दिसते. हा टाका दोन्ही दिशांचे सरकणे धरतो, सरळ टाका एकाच दिशेचे.

शेवटी कडेने एक पूर्ण फेरी घाला. अस्तराची जास्तीची कड वर दुमडून भरणाच्या काठावर आणली आणि तिथेच कच्चा टाका घातला, तर महिनोन्‌महिने हाताळताना कड उसवत नाही आणि कापूस बाहेर येत नाही. हा टाका हाताने शिवणाऱ्या प्रत्येकीने घालावाच असा माझा आग्रह आहे.

बोटे दुखत असतील तर दुसऱ्या हातात चहाचा चमचा धरा. सुईचे टोक वर आले की ते चमच्याच्या कडेवर टेकवून उचलता येते, नखाने उकरावे लागत नाही. अंगुस्तान वापरायची सवय नसेल तर या कामाच्या निमित्ताने ती लावून घ्या.

सेफ्टी पिना

वेग हे पिनांचे मोठे बळ. मांडणी झाली की तासा-दोन तासांत काम उरकते, आणि मशीनवर शिवताना समोर आलेली पिन एकेक काढत पुढे जाता येते. शिवणसाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन किंचित वाकवलेल्या पिना मिळतात. त्या सपाट जमिनीवर घालायला आणि टोक वर आणायला सोप्या पडतात. नेहमीच्या सरळ पिनांनीही काम होते, मात्र अडीच ते चार सेंटिमीटर लांबीच्या हव्यात.

किती लागतील याचा अंदाज नसल्याने अनेकींचे काम अर्ध्यावर थांबते. तळव्याएवढ्या म्हणजे १० सेंटिमीटर अंतराने पिना घातल्या, तर बाळाच्या ९० × १०० सेंटिमीटरच्या दुपट्याला ९० लागतात. १५० × २२५ सेंटिमीटरच्या गोधडीला सव्वातीनशेच्या वर. त्या हाताशी नसतील तर अंतर वाढवून वेळ मारून नेऊ नका, दोऱ्याकडे वळा.

पिना मध्यापासून बाहेर घालत जा आणि सगळ्या घालून होईपर्यंत शक्यतो उघड्याच ठेवा, शेवटी बंद करा. एकेक बंद करत गेलात तर प्रत्येक वेळी कापड थोडे उचलले जाते. टाक्याची रेघ जिथून जाणार आहे ती जागा टाळा. मशीनची सुई पिनेवर आदळली तर सुई तुटते आणि तुकडा उडतो, त्यामुळे पिनेवरून शिवून पाहण्याचा धोका पत्करू नका.

तीन ठिकाणी पिना नकोतच:

- पावसाळा ओलांडणाऱ्या कामात. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर साध्या लोखंडी पिना कापडात राहिल्या की गंज उतरतो. गंजाचा डाग साध्या धुण्याने जात नाही. स्टेनलेस स्टीलच्या पिना घेतल्या तरी महिन्याच्या आत काढायच्या, असा नियम ठेवा.
- विरलेल्या जुन्या साडीत. वीस-तीस वर्षे नेसलेल्या मलमलीचा किंवा सुती नऊवारीचा धागा पिनेच्या जाडीला टिकत नाही. पिन घालताना काही होत नाही, गोधडी उचलल्यावर वजनाने भोक लांबते.
- रेशमी किंवा जरीच्या थरात. भोकाची खूण तिथे कायम राहते.

बाळाचे दुपटे असेल तर पिना घालताना मोजा आणि काढताना पुन्हा मोजा. आकडा कागदावर लिहून ठेवा. एक पिन कमी भरली तर ती सापडेपर्यंत दुपटे घरातून बाहेर जाता कामा नये. हाताने शिवताना वापरलेल्या सुयांनाही हेच लागू.

चिकटवणारा स्प्रे

कापड तात्पुरते चिकटवणारे स्प्रे डब्यात मिळतात. फवारा भरणावर मारायचा, वर कापड पसरायचे, चुकले तर उचलून पुन्हा लावायचे, आणि शिवून झाल्यावर धुतले की चिकटपणा निघून जातो. मशीनवर शिवणाऱ्यांना ही पद्धत आवडते, कारण वाटेत काढायचे काहीच नसते. पातळ सुती भरणावर पकड चांगली बसते. फुगीर पॉलिस्टरवर ती लवकर सुटते.

हाताने शिवणार असाल तर स्प्रेच्या फंदात पडू नका. सुई चिकट होते आणि प्रत्येक टाक्याला जोर लागतो. साड्यांचे चार-पाच थर असतील तर प्रत्येक दोन थरांमध्ये फवारा मारावा लागेल. खर्च वाढेल आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक होईल. बाळाच्या दुपट्यालाही मी स्प्रे सुचवत नाही. दुपटे लहान असते, दोऱ्याने ते झटपट होते.

वापरायचा ठरवलात तर:

- खिडक्या-दारे उघडा, तोंडाला मास्क लावा, आजूबाजूच्या फरशीवर जुनी वर्तमानपत्रे पसरा. हवेतले चिकट कण फरशीवर बसतात आणि पायांना चिकटत राहतात.
- हा फवारा पेट घेतो. स्वयंपाकघरात, गॅसजवळ, देवघरातली समई किंवा उदबत्ती पेटती असताना तो मारू नका. घरात दम्याचा रुग्ण असेल तर ही पद्धत सोडूनच द्या.
- डबा २५ ते ३० सेंटिमीटर लांब धरून हलका फवारा मारा. अर्धा भाग गुंडाळून ठेवा, अर्ध्यावर काम करा, मग दुसरा अर्धा. कापड ओले दिसेल इतका फवारा जास्त झाला असे समजा.
- शिवून झाल्यावर धुण्याआधी गरम इस्त्री फिरवू नका.
- डबा ५० अंश सेल्सिअसपेक्षा तापता कामा नये. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तो ठेवणे धोक्याचे आहे.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना असा डबा आणायला सांगणाऱ्या वाचकांची संख्या बरीच आहे. असे ज्वलनशील फवाऱ्याचे डबे विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि सामानात द्यायच्या बॅगेतही नाहीत. त्यांना वाकवलेल्या पिना किंवा चांगल्या सुया आणायला सांगा.

गोंद, खळ आणि इस्त्रीने चिकटणारे भरण

धुऊन जाणारा, शाळकरी मुलांचा पांढरा गोंद बारीक थेंबांनी लावून कडा धरता येतात. मात्र पाकिटावर तो कापडातून पाण्याने निघतो असे स्पष्ट लिहिलेले हवे. लाकूडकामाचा पांढरा गोंद निघत नाही. तांदळाची खळ लावायची जुनी सवय काही घरांत आहे. तिला हरकत नाही, पण काम आठवड्यात संपवून लगेच धुवा. खळीच्या वासाने झुरळे आणि कसर येतात. एका किंवा दोन्ही बाजूंनी इस्त्रीने चिकटणारे भरणही मिळते. लहान कामाला ते सोयीचे आहे. मोठ्या गोधडीला मात्र सगळीकडे सारखी उष्णता देणे घरच्या इस्त्रीने कठीण जाते, आणि मध्येच सुटलेली जागा शिवताना फुगते.

खाली बसवत नसेल तर

गुडघे आणि कंबर यांमुळे गोधडी सोडून दिल्याचे अनेक ज्येष्ठ वाचक सांगतात. जमीन ही अट नाही. जेवणाच्या टेबलावर हे काम दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार असा. टेबलाच्या मध्यभागी एक टूथपिक चिकटपट्टीने लावा. अस्तर, भरण आणि दर्शनी थर चौघड्या करून प्रत्येकाचा मध्य त्या टूथपिकवर आणून उलगडा. वरून बोट फिरवले की मध्य हाताला लागतो. टेबलावर जेवढा भाग मावतो तेवढा कागदाच्या मोठ्या क्लिपांनी कडेला धरा आणि कच्चा टाका किंवा पिना घाला. मग क्लिपा काढून पुढचा भाग ओढून घ्या. प्रत्येक वेळी अस्तर पुन्हा ताठ करून मगच क्लिपा लावायच्या.

दुसरा प्रकार मोठ्या गोधडीला जास्त बरा. सुताराकडून गोधडीच्या रुंदीपेक्षा थोड्या लांब अशा दोन गुळगुळीत चपट्या लाकडी पट्ट्या आणा. एका पट्टीवर अस्तर आणि दुसरीवर दर्शनी थर गुंडाळा. अस्तराची पट्टी टेबलावर ठेवून एक-दीड हात अस्तर उलगडा, त्यावर भरण पसरा, वर दर्शनी थर उलगडा. तेवढ्याला कच्चा टाका घालून झाला की तो भाग आपल्याकडे ओढून मांडीवर सोडा आणि पुढचा उलगडा. खुर्चीवर बसून, एकटीने, पूर्ण गोधडी होते. इथे सुरुवात मध्यापासून न होता एका टोकापासून होते, पण दोन्ही थर पट्टीवर सरळ गुंडाळलेले असल्यामुळे ते बिघडत नाही.

लाकडी चौकट असेल तर काम आणखी सोपे. थर चौकटीवर ताठ राहतात आणि कच्चा टाका फार विरळ घातला तरी भागते.

कच्चा टाका न घालताच शिवावी का?

‘आमची आजी काही घालायची नाही, थेट शिवायची’ असे अनेक जणी सांगतात. ते खरे असते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी अशीच शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेने फेरी घालत, चिंध्या जागच्या जागी दुमडून लावत त्या आत आत येतात. तुकडा लावण्याचा टाका आणि थर धरण्याचा टाका एकच. आपल्याकडेही गोधडी कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे आणायची रीत आहे.

या रीतीत जास्तीचे कापड फेरीगणिक मध्याकडे ढकलले जाते. सराव असलेला हात दर फेरीला तळव्याने ते पसरवून टाक्यात मुरवतो. पहिल्या दोन-तीन गोधड्यांत ते जमत नाही आणि मध्यावर फुगा उरतो. तुम्हाला कडेकडूनच शिवायचे असेल, तर जरूर शिवा, पण आधी मध्यापासून कच्चा टाका घाला आणि मधल्या भागात ओळी जवळ जवळ ठेवा.

पक्का टाका सुरू करण्याआधी

चिकटपट्ट्या काढून गोधडी उलटा आणि अस्तर तपासा. तळवा फिरवा. दोन ओळींमधल्या चौकोनात अस्तर चिमटीत धरून पाहा. घडी पडेल एवढे कापड चिमटीत आले, तर तेवढ्या भागातला कच्चा टाका उसवून पुन्हा घाला. कोपरे काटकोनात आहेत ना हे कर्ण मोजून पाहा. दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. एक-दोन सेंटिमीटरचा फरक खपतो. चार-पाच सेंटिमीटर असेल तर गोधडी तिरपी झाली आहे.

शिवताना कच्च्या टाक्याच्या ओळी सगळ्या एकदम काढू नका. जिथला पक्का टाका पूर्ण झाला तिथलाच कच्चा काढा. दर तिसरा टाका कात्रीने कापून दोरा ओढला की तो सहज निघतो. पूर्ण ओळ एका दमात खेचलीत तर कापड चुणते. काम बाजूला ठेवायचे असेल तेव्हा गोधडी घडी न घालता गुंडाळा.

दुसऱ्याकडून शिवून घेत असाल तर

आई-आजीच्या साड्यांची गोधडी बचत गटाकडून किंवा ऑनलाइन शिवून घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे. साडी गेली तर तिची भरपाई पैशाने होत नाही, म्हणून इथे लेखी व्यवहाराचा संकोच धरू नका.

- दिलेल्या साड्यांची यादी आणि फोटो करा. कोणती साडी वर, कोणती आत, काठ-पदर कुठे, उरलेले तुकडे परत हवेत का, हे त्यावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या.
- थर कसे धरणार हे विचारा. विरलेल्या साडीत पिना किंवा स्प्रे नको असेल तर ते आधीच सांगा.
- कच्चा टाका पूर्ण झाल्यावर दोन्ही बाजूंचे फोटो मागा आणि ते पाहून होकार द्या. मांडणी बदलण्याची ती शेवटची संधी. होकार दिल्यानंतर बदल सुचवलात, तर त्याचे वेगळे पैसे मागण्याचा शिवणाऱ्या बाईंना अधिकार आहे, आणि ते द्यायला हवेत.
- मजुरी ठरवताना कच्च्या टाक्याचा वेळ धरला आहे का ते पाहा. फार स्वस्त दर सांगितला जातो तेव्हा बहुधा याच कामाला कात्री लागलेली असते.
- बिल घ्या. मोबदला देऊन घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. साडी हरवली, ठरल्यापेक्षा वेगळे काम झाले, आणि बोलून तोडगा निघाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पुढे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील असलाच पाहिजे अशी अट नाही.

साहित्य स्वतः विकत घेतानाही पाकीट वाचा. स्प्रे, भरण, पिना अशा बंद वेष्टनातल्या मालावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, प्रमाण, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. परदेशी स्प्रेच्या डब्यावर आयातदाराची पट्टी नसेल तर तो घेऊ नका. भरणाच्या पाकिटावर टाक्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल हेही अनेकदा लिहिलेले असते. तो आकडा दुकानातच पाहून घ्या, कारण तुमच्या नक्षीतल्या ओळी त्याहून लांब असतील तर भरण दुसरे निवडावे लागेल.